अननसाचा रुमाल दहाव्या फेरीत झालरीसारखा उभा राहिला: पॅटर्न चुकलाय की आपण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की क्रोशाने सहा अननसांच्या नक्षीचा गोल रुमाल करायला घेतलाय, पॅटर्न इंग्रजीत आहे, आठ फेऱ्या सुरळीत झाल्या, नवव्या फेरीला पॅटर्नमध्ये ८४ खांब (सुईवर एक वेढा घेऊन घातलेले उंच टाके) लिहिलेत आणि तुमचे कितीही मोजले तरी ८३च भरतायत, आणि दहावी फेरी झाल्यावर तर सगळा रुमाल झालरीसारखा उभा राहिलाय, टेबलावर बसायलाच तयार नाही. दोनदा उसवून झालंय. आणि शेवटी विचारलंय की अशा वेळी पॅटर्नवर विश्वास ठेवायचा की स्वतःच्या डोळ्यांवर.

आधी सरळ सांगते, आता तिसऱ्यांदा उसवू नका. तुमचा न सापडणारा ८४वा खांब म्हणजे फेरीच्या सुरुवातीला घातलेल्या ३ साखळ्या (एकातून एक ओढलेले दोऱ्याचे साधे फासे), त्या पॅटर्नमध्ये एक खांब म्हणून धरलेल्या असतात आणि मोजताना नजर हमखास त्यांच्यावरून घसरते कारण त्या खांबासारख्या दिसत नाहीत. आणि झालर म्हणाल तर या नमुन्यात दहाव्या फेरीला ती यायलाच हवी, नसती आली तर मला काळजी वाटली असती. रुमाल न बघता मी हे इतकं ठामपणे कसं सांगतेय, तेच जरा नीट लिहिते, कारण हे एकदा जमलं की पुढचा कुठलाही किचकट पॅटर्न आला तरी घाबरायला होत नाही.

विश्वास डोळ्यांवर नको आणि पॅटर्नवरही डोळे मिटून नको, हिशेबावर ठेवायचा. क्रोशाच्या प्रत्येक ओळीत घरातल्या वहीसारखा जमाखर्च असतो, खालच्या ओळीतले टाके खर्ची पडतात आणि वरच्या ओळीत नवीन जमा होतात. एका टाक्यात एक खांब म्हणजे एक खर्च एक जमा. एका टाक्यात दोन म्हणजे खर्च एक, जमा दोन. दोन टाक्यांचा मिळून एक म्हणजे खर्च दोन, जमा एक. टाका सोडला की खर्च एक, जमा शून्य, आणि त्याच्या डोक्यावर साखळी घातली तर ती साखळी जमा. बस, एवढंच. सुई हातात घ्यायच्या आधी पेन्सिल घेऊन प्रत्येक ओळीच्या समोर हे दोन आकडे लिहायचे, खर्च बरोबर मागच्या ओळीच्या जमेइतका आला तर ती ओळ खरी.

उदाहरण घ्या. टोपीच्या पॅटर्नमध्ये लिहिलंय, एका टाक्यात दोन मुके खांब (वेढा न घेता घातलेले बुटके टाके), मग पुढच्या पाच टाक्यांत एकेक, हे सहा वेळा, आणि शेवटी कंसात ४४. आता एका वेळेला सहा टाके खर्ची पडतात आणि सात जमा होतात, सहा वेळा म्हणजे ३६ खर्च आणि ४२ जमा. मग ४४ कुठून आले? मागची ओळ बघा, तिथे शेवटी ३६ आहेत म्हणजे खर्च जुळला. पुढची ओळ बघा, तिथे एकात दोन आणि सहात एकेक असं सहा वेळा म्हणजे खर्च ४२. मागची आणि पुढची दोघीही ४२ च्या बाजूने साक्ष देतायत म्हणजे ४४ ही छपाईची चूक, खोडा आणि पुढे चला. पॅटर्नमधल्या निम्म्याहून जास्त चुका मला अशाच सापडतात, सूचना बरोबर असते आणि कंसातला आकडा चुकीचा असतो, आणि बिचाऱ्या नवीन मुली त्या आकड्यापायी रात्र रात्र उसवत बसतात. म्हणून एका ओळीवरून कधीच निकाल द्यायचा नाही, मागची आणि पुढची धरून तीन ओळी बघायच्या.

आता तुमच्या नवव्या फेरीचा हिशेब. तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे एका भागात शिंपला आहे म्हणजे २ खांब, २ साखळ्या, २ खांब, मग २ साखळ्या, मग कमानीत (खालच्या फेरीतल्या साखळ्यांच्या मोकळ्या जागेत) १० खांब, मग परत २ साखळ्या. खांब झाले १४, असे सहा भाग म्हणजे ८४. पॅटर्न बरोबर. आणि पहिला शिंपला तुम्ही ३ साखळ्यांनी सुरू केलात म्हणून तुम्हाला दिसले ८३. खात्री करायची असेल तर सगळे एकदम मोजू नका, एकेक अननसाचा पंखा (कमानीतले ते १० खांब) वेगळा मोजा, प्रत्येकात १० आहेत का, मग एकेक शिंपला, दोन्ही बाजूंना दोन दोन आहेत का. ८४ एकदम मोजायला गेलं की साठाच्या आसपास कोणीतरी हाक मारतंच.

आता झालर. सपाट गोलासाठी दर फेरीला टाके किती वाढवायचे याला कारण आहे, ते कुणी मनाला येईल तसं ठरवलेलं नाही. एक फेरी घातली की गोलाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीइतकी वाढते, मग परीघ त्याच्या सव्वासहा पट वाढतो, शाळेत शिकलेलं टू पाय आर तेच. मुका खांब जवळजवळ जेवढा उंच तेवढाच रुंद, म्हणून मुक्या खांबांच्या गोलात दर फेरीला ६ वाढतात. खांब साधारण दुप्पट उंच, म्हणून १२. अर्धा खांब मधला, तिथे ८ च्या आसपास. हातागणिक थोडं इकडे तिकडे होतं पण फार नाही. यापेक्षा कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर.

म्हणजे खांबांच्या गोलात नवव्या फेरीला सपाट बसायला साधारण १०८ टाक्यांची जागा असते, दहाव्या फेरीला १२० ची. तुमच्या नवव्या फेरीत एका भागात शिंपल्याचे ६ (मधल्या २ साखळ्या धरून), २ साखळ्या, १० खांब, २ साखळ्या म्हणजे २०, सहा भागांचे १२०. जागा १०८ ची, म्हणजे थोडी दाटी आहेच. दहाव्या फेरीत त्या १० खांबांच्या मध्ये एकेक साखळी येते म्हणजे पंख्याचे १९ झाले, भाग २९ चा, सहाचे १७४. आणि जागा फक्त १२० ची! आता सांगा, झालर येणार नाही तर काय होणार. पण पुढे काय होतं ते बघा, अकराव्या फेरीपासून अननसाच्या जाळीतल्या कमानी दर फेरीला एकेक कमी होत जातात आणि गोलाची जागा मात्र दर फेरीला वाढतच राहते, त्यामुळे चौदा-पंधराव्या फेरीपर्यंत जागा दाटीला गाठते आणि रुमाल आपोआप खाली बसायला लागतो. ज्यांनी हा नमुना बसवला त्यांनी अननसाचं बूड रुंद आणि टोक निमुळतं दिसावं म्हणून मुद्दाम तिथे गर्दी केलेली असते. उरलेली थोडीफार वळकटी खळ घालून पिना लावल्या की जाते.

जाता जाता, हीच झालर एका बाईंनी गणितात कामाला लावली. कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या, मूळच्या लात्वियाच्या डायना तायमिना यांनी १९९७ साली हायपरबोलिक भूमिती (कडेकडे सतत पसरत जाणाऱ्या वक्र पृष्ठभागाची भूमिती) विद्यार्थ्यांना हातात घेऊन बघता यावी म्हणून क्रोशाची मॉडेलं केली, ठराविक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा आणि हे प्रमाण शेवटपर्यंत सोडायचं नाही, एवढीच कृती. कडा इतक्या वेगाने वाढतात की समुद्रातल्या प्रवाळासारख्या चुण्या पडतात. तेव्हा झालर दिसली की लगेच चूक समजू नका, ती कुठल्या प्रमाणात वाढतेय ते मोजा.

अननसासाठी अजून एक खूण देते, ती लक्षात ठेवलीत तर अख्खा नमुना पॅटर्न न बघताही पुढे नेता येतो. १० खांबांच्या मध्ये एकेक साखळी, म्हणून ९ घरं (मोकळ्या जागा) होतात. अकराव्या फेरीत त्या प्रत्येक घरात एक मुका खांब आणि मध्ये ३ साखळ्या, म्हणजे ९ मुके खांब आणि ८ कमानी. बाराव्या फेरीत त्या ८ कमानींत ८ मुके खांब, म्हणून कमानी ७. मग ६, ५, असं करत अठराव्या फेरीला एकच कमान उरते आणि अननसाचं टोक होतं. एखाद्या फेरीला कमानी कमी झाल्या नाहीत तर समजायचं की जाळीच्या आणि शिंपल्याच्या मध्ये जी २ साखळ्यांची मोकळी जागा आहे तिच्यात तुम्ही मुका खांब घातलात. ती जागा सोडायची असते, पॅटर्नमध्ये कधी लिहितात कधी गृहीत धरतात. नवशिक्यांचा अननस लांबत जाऊन दुधी भोपळा होतो तो यामुळेच.

आणि फेरी जोडल्यावर पुढच्या फेरीच्या आधी एक बारीक काम असतं ते सोडू नका. स्लिप स्टिचने (उंची नसलेल्या, नुसत्या जोडायच्या टाक्याने) तिसऱ्या साखळीच्या डोक्यावर जोडलंत की तुम्ही शिंपल्याच्या उजव्या कडेला उभ्या असता, पण पुढचा शिंपला त्याच्या मधल्या घरात घालायचा आहे, म्हणून पुढच्या खांबावरून आणि मग घरात अशा स्लिप स्टिच घालत सरकायचं. पॅटर्नमध्ये हे अर्ध्या ओळीत दिलेलं असतं आणि वाचताना निसटतं, मग प्रत्येक फेरीची सुरुवात एकेक घर मागे पडते आणि पाच फेऱ्यांनी शेवटचा अननस तिरका दिसायला लागतो आणि दोष पॅटर्नला मिळतो.

सरळ ओळींच्या कामात याच सुरुवातीच्या साखळ्यांचा दुसरा त्रास. ३ साखळ्या खांब म्हणून धरल्या असतील तर पहिला खरा खांब दुसऱ्या टाक्यात घालायचा आणि ओळीच्या शेवटी मागच्या ओळीच्या ३ साखळ्यांच्या डोक्यावर एक खांब घालायचाच. पहिलं पाळलं आणि दुसरं विसरलं की दर ओळीला एक टाका जातो, मफलरचा त्रिकोण होतो. मुक्या खांबाची १ साखळी बहुतेक पॅटर्नमध्ये मोजत नाहीत, अर्ध्या खांबाच्या २ साखळ्या कोणी मोजतं कोणी नाही, तेव्हा पॅटर्नच्या सुरुवातीच्या टिपा वाचल्याशिवाय सुई लावू नये. त्या टिपा सगळे सोडून देतात, थेट पहिल्या ओळीवर उडी. कुठेच लिहिलं नसेल तर परत जमाखर्च, साखळी धरून आकडा जुळतो की सोडून, एका मिनिटात कळतं.

आता अमेरिकन आणि ब्रिटिश नावांचा घोळ, हा इंग्रजी पॅटर्न वापरणाऱ्या प्रत्येकीला एकदा तरी नडतोच. आपला मुका खांब अमेरिकन पॅटर्नमध्ये सिंगल क्रोशे आणि ब्रिटिशमध्ये डबल क्रोशे. आपला खांब अमेरिकनमध्ये डबल आणि ब्रिटिशमध्ये ट्रेबल. म्हणजे नुसतं ‘डीसी’ (डबल क्रोशे) दिसलं तर मुका खांब घालायचा की पूर्ण खांब, हे पॅटर्न कुठला त्यावर. ओळखायचं कसं? कुठेही ‘एससी’ (सिंगल क्रोशे) असेल तर बहुधा अमेरिकन, हल्लीच्या ब्रिटिश पॅटर्नमध्ये सिंगल हा शब्द सहसा वापरत नाहीत. टाका सोडायला ‘मिस’ लिहिलं असेल तर बहुधा ब्रिटिश, ‘स्किप’ असेल तर अमेरिकन, आणि मापाच्या तुकड्याला ‘टेन्शन’ म्हटलं असेल तर ब्रिटिश, ‘गेज’ म्हटलं असेल तर अमेरिकन. आणि काहीच खूण नसेल तर वळायच्या साखळ्या (ओळीच्या सुरुवातीला उंचीसाठी घालतात त्या) बघा, डीसीच्या ओळीआधी १ साखळी असेल तर तो मुका खांब, ३ असतील तर पूर्ण खांब. ही शेवटची खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते कारण शब्द लिहिणारी चुकेल, पण उंची कुणाला चुकवता येत नाही.

कंस आणि तारे (*) यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही, फक्त दोन ठिकाणी थांबत जा. ‘ताऱ्यापासून ५ वेळा’ आणि ‘ताऱ्यापासून अजून ५ वेळा’ यात एका भागाचा फरक आहे, दुसऱ्यात एकूण ६ होतात. आणि गोल कंसातलं सगळं एकाच टाक्यात की ओळीने पुढच्या टाक्यांत, हे कंस संपल्यावरच्या शब्दांत असतं, म्हणून कंस संपेपर्यंत सुई हलवायची नाही. लांबलचक सूचना असेल तर मी ती वहीत मराठीत उतरवून घेते, ३ सा, १ खां, १ घर सोडून असं, एका ओळीला एक कृती. दहा मिनिटं जातात पण लिहिताना जिथे पेन अडतं तिथेच पुढे सुई अडणार असते, तेव्हा ते आधीच कळलेलं बरं.

चार्ट (टाक्यांच्या चिन्हांनी काढलेली आकृती) मिळत असेल तर चार्टच घ्या. जपानी पुस्तकांतले चार्ट भाषा न कळताही करता येतात, साखळीचा लांबट गोल, मुक्या खांबाची फुली, खांबाच्या उभ्या काडीवर एक आडवी तिरकी रेघ, आणि त्या रेघा म्हणजे सुईवर घ्यायचे वेढे, दोन रेघा दिसल्या की दोन वेढ्यांचा खांब. अजून एक बारकावा आहे जो बऱ्याच जणींना माहीतच नसतो, चार-पाच खांबांच्या काड्या खाली एका बिंदूला मिळाल्या असतील तर ते सगळे एका टाक्याच्या आत सुई घालून करायचे, आणि काड्यांची बुडं सुटी सुटी असतील तर खालच्या साखळीच्या घराला धरून, म्हणजे साखळीच्या खालून सुई घालून. एवढ्यावरून जाळी घट्ट दिसते की मोकळी, ते ठरतं. गोल चार्ट उजव्या हाताने विणणारीने घड्याळाच्या उलट्या दिशेने वाचायचा. शब्द आणि चार्ट जुळत नसतील तर मी चार्टचं ऐकते, कारण चित्रातली चूक डोळ्यांना खटकते आणि शब्दातली चूक तशीच छापून जाते.

खरं तर आपल्याकडच्या जुन्या बायकांना पॅटर्न वाचायला लागतच नव्हता. रुखवतात मांडलेला रुमाल हातात घ्यायचा, उलटा करायचा, घरं मोजायची आणि घरी जाऊन तसाच विणायचा, आमच्याकडच्या काकू तर दारावरचं तोरण खालून बघून सांगायच्या की खांब दोन वेढ्यांचे आहेत. ही नजर तुम्हालाही लागेल, त्यासाठी स्वतःचंच विणलेलं वाचायला शिका. झालेल्या कामावर वरून बघितलं की प्रत्येक टाक्याच्या डोक्यावर इंग्रजी व्ही सारखे दोन पदर दिसतात, एक व्ही म्हणजे एक टाका. गोल विणकामात टाक्याचं डोकं खांबाच्या बरोबर वर नसतं, उजवीकडे किंचित सरकलेलं असतं, म्हणून पुढच्या फेरीत भलत्याच टाक्यात सुई जाते. पहिल्या टाक्याला मार्कर लावा, महागाचे नकोत, साधी सेफ्टी पिन चालते, फक्त उघडणारी हवी. दोन सुयांच्या विणकामाचे बंद गोल रिंग असतात ते क्रोशात निरुपयोगी, अडकले की दोरा कापल्याशिवाय निघत नाहीत.

काही नमुने मुळातच असे असतात की अर्ध्यावर बघून कोणालाही चुकलंय असंच वाटेल. ओव्हरले मोझेक (पट्ट्यांवर लांब खांबांनी चित्र उठवायचा प्रकार) घ्या, पहिल्या तीन-चार ओळी नुसते पट्टे दिसतात, चित्र कुठेच नाही, कारण चित्र उठवणारे लांब खांब दोन ओळी खालच्या टाक्याच्या पुढच्या पदरात जातात आणि तेवढ्या ओळी झाल्याशिवाय ते येतच नाहीत. बॉबलचे (एकाच टाक्यात बरेच खांब घालून वर एकत्र बंद केलेले) गोळे घ्या, बरेच पॅटर्न ते उलट्या बाजूच्या ओळीत घालायला सांगतात आणि मुली मला फोटो पाठवतात की गोळे मागे गेले, अहो मागे नाही गेले, सुलट बाजूला गेले, काम फिरवून बघा. अशा ठिकाणी नियम एकच, आकडे जुळतायत ना, मग पॅटर्नमधला एक पूर्ण भाग, जितक्या ओळींनी नमुना परत सुरू होतो तितक्या ओळी, तोंड बंद ठेवून विणायच्या आणि मगच मत द्यायचं. आणि हे मोठ्या कामावर नको, तुकड्यावर करा. पॅटर्नमध्ये ६ च्या पटीत अधिक १ असं लिहिलेलं असतं, मग १९ टाक्यांवर तीन भागांचा तुकडा घाला. शालीच्या ९७ टाक्यांवर प्रयोग कशाला.

उलट काही पॅटर्नवर विश्वास ठेवूच नये, तेही सांगते. ओळींच्या शेवटी टाक्यांचे आकडे नाहीत, दोरा किती लागेल ते नाही, सुई किती मिलिमीटरची ते नाही, असा पॅटर्न विकत घेऊ नका. हल्ली तर एआयने काढलेले फोटो लावून पॅटर्न विकतात, फोटोतला टाका मोठा करून बघितला तर व्ही कुठेच नाहीत, दोरा एका टाक्यातून निघून कुठेतरी हवेत विरलाय, जाळीच्या रेषा मध्येच एकमेकींत मिसळल्यात, असं दिसलं की समजायचं की ही वस्तू कुणीच विणलेली नाही. विकत घ्यायच्या आधी दुसऱ्या कोणी तो पूर्ण केलाय का ते बघायचं. रॅव्हलरीवर, २००७ पासून आहे ही साइट, पॅटर्नखाली लोकांनी केलेल्या कामांचे फोटो आणि टिपा असतात, ‘१४व्या फेरीत चूक आहे’ असं कोणीतरी लिहून ठेवलेलं असतं, आणि डिझायनरने केलेली दुरुस्तीही बरेचदा तिथेच सापडते. पाच जणींनी एकाच फेरीबद्दल तक्रार केली असेल तर ती फेरी आधी कागदावर सोडवा. एकीनेच केली असेल तर बहुतेक वेळा तिची सुरुवातीची साखळी मोजायची राहिलेली असते.

रुमालाला मापाचं फार कौतुक नाही, दोन सेंटिमीटर इकडे तिकडे झालं तरी टीव्हीवर नाहीतर टीपॉयवर छानच दिसतो. पण पुढे कधी अंगात घालायचं काही कराल तर मापाचा तुकडा टाळू नका. पॅटर्न म्हणतो १० सेंटिमीटरला १६ टाके आणि तुमचे बसतात १८, वाटायला दोनच टाके, पण ८० टाक्यांची पाठ ५० सेंटिमीटरची व्हायच्या ऐवजी साडेचव्वेचाळीसची होते, पुढची बाजू धरली की छातीला ११ सेंटिमीटर कमी. तिथे सगळे आकडे जुळूनही स्वेटर अंगात जात नाही. तुकडा धुऊन वाळवून मगच मोजा, कॉटन धुतल्यावर बदलतं.

आता तुमचा आणखी एक प्रश्न, पॅटर्नमध्ये १० नंबरचा दोरा आहे आणि तुमच्याकडे २० नंबरचा, चालेल का. चालेल, २० चा १० पेक्षा बारीक असतो, आकडा वाढला की दोरा बारीक होतो, रुमाल लहान होईल एवढंच, टाक्यांचा हिशेब तोच राहतो. सुई मात्र त्याच्या जोडीने बारीक घ्या आणि घेताना मिलिमीटर बघा, नंबर बघू नका, कारण स्टीलच्या बारीक सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते आणि अमेरिकन अक्षरांच्या जाड सुयांचं अक्षर पुढे गेलं की सुई जाड होते, दुकानदारालाही ते धड माहीत नसतं. रुमाल अर्ध्यावर असताना दोरा बदलू नका, सध्याचा संपवा. झाल्यावर साबुदाण्याची पातळ खळ करून त्यात बुडवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, थर्माकोलवर किंवा जाड पुठ्ठ्यावर प्लास्टिक घालून सहा अननसांची टोकं आधी समोरासमोर ओढून पिना लावा, मग मधले शिंपले. पिना गंजणाऱ्या नकोत, पांढऱ्या दोऱ्यावर डाग पडला तर निघत नाही.